चार तासांच्या गेमचे पाचशे रुपये: द्यायचे का नाही?

मे महिन्यातली दुपार होती, बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, घरात कूलर फुल स्पीडवर आणि माझा भाचा दहावीचे पेपर देऊन मोकळा झालेला. लॅपटॉपवर गेमचं स्टोअर उघडून कधीचा बसला होता, शेवटी मला म्हणाला, "मामा, हे पाह्य ना. पाचशे रुपयांचा गेम आहे अन् लोकं लिहून राहिले का चार तासात संपते. चार तासाचे पाचशे काहून द्यायचे?"

प्रश्न एकदम रास्त आहे. वाढदिवसाला आजी-आजोबांनी दिलेले आठशे रुपये त्याच्याजवळ होते, त्यातले पाचशे म्हणजे अर्ध्याच्या वर. आणि मोबाइलवरचा मारामारीचा फ्री गेम तो दोन वर्षांपासून खेळून राहिला, एक रुपया न देता. म्हणजे त्याच्या हिशोबानं एकीकडे शेकडो तास फुकट आणि दुसरीकडे सव्वाशे रुपये तास, मग विचारायचं काय राहिलं? मी त्याला लगेच हो पण म्हणालो नाही आणि नाही पण म्हणालो नाही, कारण त्या "सव्वाशे रुपये तास" मध्येच गडबड आहे आणि ती गडबड आम्ही दोघांनी दोन दुपारी बसून नीट उलगडून पाहिली. तेच इथं लिहितो, कारण हा प्रश्न घराघरातल्या पोट्ट्यांना आणि त्यांच्या आईबापांना पडतच असणार.

आधी हा प्रकार काय आहे ते. प्लॅटफॉर्म गेम म्हणजे ज्यात माणूस पळतो, उड्या मारतो, या फळीवरून त्या फळीवर जातो, मारिओ सगळ्यांनी पाहिलेला आहे. पझल म्हणजे कोडं. दोन्ही एकत्र केलं की पझल-प्लॅटफॉर्मर, म्हणजे समोर दरवाजा दिसतो पण तिथवर पोचता येत नाही, आणि नुसता हात चालवून काम होत नाही, थांबून विचार करावा लागतो की खोका आधी ढकलायचा का दांडा आधी ओढायचा. हे गेम सहसा दुकानात डब्यात मिळत नाहीत, नेटवरून डाउनलोड करायचे, आणि बहुतेक छोट्या टीमनं बनवलेले असतात. लिंबो घ्या, डेन्मार्कच्या प्लेडेड कंपनीचा, २०१० चा. पूर्ण काळा-पांढरा, एक शब्द बोलत नाही, चालणं, उडी मारणं आणि पकडणं एवढंच येतं त्या पोराला, तीन-चार तासांत संपतो आणि निघाला तेव्हा १५ डॉलरला होता. त्याच कंपनीचा इनसाइड २०१६ मध्ये आला, लांबी जवळपास तेवढीच, किंमत २० डॉलर. म्हणजे भाच्याचा प्रश्न काही नवा नाही, हे गेम आले तेव्हापासून लोक हेच विचारून राहिले.

आता तासाचा भाव आपल्या डोक्यात आला कुठून? मला वाटतं आमच्या पिढीच्या डोक्यात तो पार्लरमधून आला. आम्ही नागपुरात बर्डीला व्हिडिओ गेमच्या दुकानात जायचो तेव्हा खरोखरच तासाचे पैसे द्यायचो, नंतर सायबर कॅफे आले तिथंही तासाचेच. तिथं तो भाव बरोबर होता कारण आपण गेम विकत घेत नव्हतो, खुर्ची आणि मशीन भाड्यानं घेत होतो. पण गेम स्वतःचा घेतला की भाड्याचा हिशोब त्याला कसा लावणार? देशपांडे सभागृहात नाटकाला गेलो तर तिकीट काढताना कोणी विचारते का की नाटक अडीच तासांचं का तीन तासांचं, आणि तीन तासांचं असेल तर जास्त पैसे वसूल झाले? आणि नाटक मधेच पाणी घालून लांबवलेलं असेल तर घरी येताना आपणच कुरकुर करतो.

बरं, नाटकाचं उदाहरण देऊन मुद्दा संपत नाही, कारण कोड्यांच्या गेममध्ये याच्याही पुढची एक गोष्ट आहे आणि ती मला ब्रेडवरून समजली.

ब्रेड म्हणजे इथं वेणी, खायचा ब्रेड नाही. जोनाथन ब्लो नावाच्या माणसानं बनवलेला हा गेम ऑगस्ट २००८ मध्ये एक्सबॉक्स ३६० या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनच्या ऑनलाइन दुकानात आला, एक्सबॉक्स लाइव्ह आर्केड म्हणायचे त्याला. तिथं तेव्हा रोख पैसे नव्हते, पॉइंट विकत घ्यावे लागायचे, ८० पॉइंट म्हणजे एक डॉलर. बहुतेक छोटे गेम ४०० नाहीतर ८०० पॉइंटचे असायचे आणि ब्रेड आला १२०० ला, म्हणजे १५ डॉलर. आपल्याकडच्या तेव्हाच्या भावानं साडेसहाशे रुपये धरा. लोक खवळले, पाच-सहा तासांच्या टूडी गेमला इतके पैसे कशाचे म्हणून. दुसरी बाजू अशी की ब्लोनं तीन वर्षं त्याच्यावर काढली होती आणि खिशातले जवळपास दोन लाख डॉलर घातले होते, त्यातले बरेचसे चित्रकार डेव्हिड हेलमनच्या कामासाठी आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी. दोन लाख डॉलर म्हणजे त्या वेळचे ऐंशी लाखांच्या वर रुपये, एका "छोट्या" गेमसाठी.

पण खर्च किती झाला हे घेणाऱ्याला सांगून उपयोग नसतो. कोणी फ्लॅट बांधायला जास्त खर्च केला म्हणून आपण जास्त पैसे थोडेच देतो. आपल्याला काय मिळतं ते महत्त्वाचं. म्हणून मी भाच्याला म्हटलं, तू हा गेम खेळून पाहा, माझ्याकडे आहे, आणि दोन तासांनी आपण बोलू.

ब्रेडमध्ये शिफ्ट दाबलं की वेळ उलटी जाते. मेला, दाब शिफ्ट, सगळं मागं जाते, पाहिजे तितकं मागं. म्हणजे मरणाची शिक्षाच नाही. भाच्याला पहिल्या दहा मिनिटांत वाटलं की हे तर अगदीच सोपं आहे. मग ती खड्ड्याची जागा आली. एक खोल खड्डा, तळाशी किल्ली, किल्लीभोवती हिरवट चकाकी. खड्ड्यात उडी मारली, किल्ली घेतली, आणि आता वर येता येईना. उडी पुरत नाही, शिडी नाही, काहीच नाही. पोट्टा सहा-सात मिनिटं उड्याच मारत होता, म्हणाला, "मामा, गेम खराब आहे हा." मी काही बोललो नाही. मग वैतागून त्यानं शिफ्ट दाबलं, नव्यानं सुरू करायच्या हिशोबानं, आणि गेममधला माणूस उलटा वर आला, खड्ड्याच्या काठावर, आणि किल्ली त्याच्या हातातच होती.

तो एकदम चूप झाला. पडद्याकडे पाहत होता. मग हळूच म्हणाला, "म्हणजे ज्याच्यावर हिरवं आहे त्याच्यावर वेळेचा परिणाम होत नाही?"

हाच तो क्षण. याचेच पैसे आहेत. कोणी त्याला सांगितलं नाही, पाटी लावली नाही, बाण दाखवला नाही, त्यानं स्वतः नियम शोधला. आणि गंमत ही की पुढच्या कोड्यात तोच नियम थोडा फिरवून येतो, त्याच्या पुढच्यात आणखी वेगळा, आणि एक जग संपलं की वेळेचा नवीनच नियम. एका जगात उजवीकडे चाललं की वेळ पुढं जाते आणि डावीकडे चाललं की मागं, थांबलं की सगळं जग थांबते. दुसऱ्या एका जगात वेळ मागं नेली की आधी जे केलं त्याची सावली तयार होते आणि ती तेच काम परत करते, मग आपण आणि सावली मिळून दोन जागी दोन कामं करायची. पाच जगं, प्रत्येकात चित्राचे १२ तुकडे, एकूण ६०, आणि जवळपास प्रत्येक तुकडा म्हणजे एक वेगळी कल्पना. तेच ते कोडं रंग बदलून परत आलंय असं क्वचितच वाटतं.

आता मुख्य मुद्दा. ब्रेडमध्ये एक आव्हान आहे की पूर्ण गेम ४५ मिनिटांच्या आत संपवायचा. म्हणजे ज्याला सगळी उत्तरं माहीत आहेत त्याच्यासाठी हा गेम पाऊण तासाचासुद्धा नाही! मग पहिल्यांदा खेळणाऱ्याला लागलेले बाकीचे चार-पाच तास कुठून आले? ते गेममध्ये नव्हतेच. ते त्याच्या डोक्यातले होते. विचार करण्याचे, चुकण्याचे, चिडण्याचे, पंख्याकडे पाहत बसण्याचे. कोड्याच्या गेमचे "तास" ही गेमची लांबीच नाही, ती आपल्या डोक्याला लागलेल्या वेळेची लांबी आहे, आणि ती प्रत्येकाची वेगळी. म्हणून चार तास लिहिलेलं असलं की एकाला तीन लागतात, दुसऱ्याला आठ. आठ लागले म्हणून त्याला दुप्पट माल मिळाला का? नाही ना. आणि यूट्यूबवर उत्तरं पाहत खेळला तर पाऊण तासात संपेल, मग मात्र खरोखरच पैसे वाया गेले, पण ते गेमनं वाया घालवले नाहीत.

हे एकदा डोक्यात बसलं की पाचशे भागिले चार हा हिशोब आपोआप कोलमडतो.

मग लगेच पुढचा प्रश्न, जो भाच्यानं विचारलाच, की एवढ्या चांगल्या कल्पना असतात तर मग गेम मोठा का नाही करत, शंभर कोडी टाका ना. टाकता येतात, पण बाकी गेममध्ये लांबी वाढवायचे जे स्वस्त उपाय असतात ते इथं चालत नाहीत. मारामारीच्या गेममध्ये तोच शत्रू पन्नास वेळा उभा केला तरी मजा येते कारण हात दरवेळी वेगळा चालतो. कोडं एकदा सुटलं की मेलं, तेच परत दिलं तर ते कोडं नाही, हमाली आहे. म्हणजे प्रत्येक पाच मिनिटांसाठी नवीन कल्पना लागते, आणि ती कल्पना अशी बसवावी लागते की आधीच्या कोड्यात जे शिकलो तेच इथं कामी यावं, पण सरळ दिसू नये, आणि कोणी आडमार्गानं सोडवू नये. यासाठी माणसांना बसवून खेळवून पाहावं लागतं, कुठं अडतात, कुठं उगाच अडतात. असं करताना कितीतरी कोडी फेकून दिली जातात. जी उरतात त्यांचा चार तासांचा गेम होतो.

आणि नुसती कोडी नाही, उडीसुद्धा. हे दिसत नाही पण हाताला जाणवतं. फळीच्या काठावरून उडी मारताना आपण जवळपास नेहमीच थोडा उशीर करतो, पाय काठाच्या बाहेर गेलेला असतो तेव्हा बटण दाबतो. कोरड्या गणितानं आपण खड्ड्यात जायला पाहिजे. पण चांगले गेम तिथं माफ करतात, काठ सोडल्यावरही क्षणभर उडी मारू देतात. याला कायोटी टाइम म्हणतात, त्या कार्टूनमधल्या कायोटीवरून जो कड्याच्या बाहेर हवेत पळत राहतो आणि खाली पाहिल्यावरच पडतो. सेलेस्टे नावाच्या २०१८ च्या गेममध्ये ही सवलत एका सेकंदाच्या दहाव्या भागाची आहे. एवढीशी. पण ती काढून टाकली तर खेळणारा म्हणेल की बटण बरोबर चालून नाही राहिलं. स्वस्तात घाईनं बनवलेल्या गेममध्ये हेच नसते आणि मग आपल्याला कळत नाही का पण पाच मिनिटांत कंटाळा येतो. भाच्यानं असाच एक फुकटचा गेम मोबाइलवर टाकला होता, शेजारी ठेवून दोन्ही खेळून पाहिले, त्याला फरक लगेच हाताला लागला.

आता पैसे जातात कुठं ते. समजा गेम ५०० रुपयांचा आहे. आपल्याकडे अशा डिजिटल खरेदीवर १८ टक्के जीएसटी, तो किमतीतच धरलेला असला तर ७६ रुपये सरकारचे, राहिले ४२४. त्यातून स्टोअरचा वाटा. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानाचा साधारण ३० टक्के, मोठी विक्री झाली तर कमी होतो, पहिल्या १ कोटी डॉलरनंतर २५ आणि ५ कोटींनंतर २०, पण लहान टीमला ती पायरी बहुतेक दिसतच नाही. एपिक नावाच्या कंपनीनं २०१८ च्या शेवटी असंच दुकान उघडलं तेव्हा १२ टक्केच घेतो असं सांगून उघडलं. स्टीमचा ३० धरला तर १२७ गेले आणि राहिले साधारण २९७. आता समजा तीन जणांची टीम, दोन वर्षं काम, प्रत्येकाला महिन्याला ५० हजार. म्हणजे ३६ लाख. नुसते पगार निघायला पूर्ण किमतीत बारा हजारांच्या वर प्रती विकल्या जायला पाहिजेत. आणि सेलमध्ये ७५ टक्के कमी झाला की त्याच गेमचे टीमला प्रतीमागे ७४-७५ रुपये मिळतात. हे सगळं मी भाच्याला वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. दया यावी म्हणून नाही, तर ५०० हा आकडा हवेतून येत नाही आणि परदेशी छोटे गेम आपल्याकडे डॉलरच्या सरळ हिशोबानं न विकता बरेचदा कमी भावात का ठेवतात तेही समजावं म्हणून. डॉलरच्या किमतीला सरळ गुणलं तर आपल्याकडे कोण घेईल? स्टीमनं भारतासाठी रुपयांत भाव लावायला २०१५ मध्ये सुरुवात केली, पण किती ठेवायचा ते गेम बनवणारा ठरवतो, म्हणून एक गेम इथं निम्म्या किमतीत दिसतो आणि दुसरा जवळपास अमेरिकेएवढाच महाग.

लोकांवर सोडलं तर लोक किती देतात? हे एकदा झालेलं आहे. वर्ल्ड ऑफ गू हा २००८ चा एक सुंदर कोड्यांचा गेम, त्याच्या पहिल्या वाढदिवसाला २००९ मध्ये बनवणाऱ्यांनी सांगितलं, पाहिजे ते द्या. पहिल्याच आठवड्यात पन्नास हजारांच्या वर लोकांनी घेतला आणि सरासरी पडली दोन डॉलरच्या आसपास, मूळ किंमत २० डॉलर होती. एक सेंट देणारे ढीगभर होते. मला यात लोकांना नावं ठेवायची नाहीत, कित्येकांनी सांगितलं होतं की सध्या एवढंच परवडते. पण एक कळतं की किंमत आणि मोल यांचा आपल्या डोक्यातला संबंध फार कच्चा आहे, समोर जो आकडा ठेवला असतो त्याच्या आसपासच आपण विचार करतो.

मोबाइलवर तर आणखी कठीण. मॉन्युमेंट व्हॅली नावाचा कोड्यांचा गेम २०१४ मध्ये आला, ४ डॉलरला, दीड-दोन तासांचा, इतका देखणा की एकेका लेव्हलचं चित्र भिंतीवर लावावं. त्याच वर्षी बनवणाऱ्यांनी आठ नवीन लेव्हल २ डॉलरला काढल्या तर लोकांनी पैसे मागितले म्हणून एक-एक स्टार दिले. दोन डॉलर! मूळ गेम दहा लेव्हलचा होता, म्हणजे जवळपास दुसरा गेमच दिला होता निम्म्या भावात. मोबाइलवर फुकटची सवय इतकी लागली आहे की पैसे मागणंच लोकांना चूक वाटते, आणि त्याचा परिणाम काय तर बनवणारे फुकट देतात आणि मग आत जाहिराती, नाणी, पेट्या, "आज परत या" असं सगळं येतं. भाच्याच्या त्या फ्री गेममध्ये त्यानं पैसे दिले नाहीत हे खरं, पण दोन वर्षांत रोज त्याला बोलावून घेण्यासाठी तो गेम रचलेला आहे. चार तासांत संपणारा गेम त्याला म्हणतो, झालं, आता उठ, बाहेर जा. मला मामा म्हणून हा फरक फार मोठा वाटतो आणि खरं सांगायचं तर पाचशेतले शंभर मी याचेच देईन.

एवढं सगळं बोलून मी काय सगळे छोटे गेम चांगले म्हणून राहिलो? नाही. कितीतरी छोटे गेम पाचशेचे काय पन्नासचेही नाहीत. ओळखायचं कसं तर माझी पद्धत अशी आहे की गेमची सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं कुठं खेळलेली पाहायला मिळाली तर पाहायची, फक्त तेवढीच, पुढं नाही, आणि पाहायचं की तेवढ्या वेळात कोड्यानं एक तरी नवी गोष्ट शिकवली का, का नुसता खोका ढकलून बटणावर ठेवणं चाललंय. खोका-बटण पहिल्या कोड्यात असलं तर ठीक, तिसऱ्यातही तेच असलं तर बंद करा. मग रिव्ह्यूमध्ये "सुंदर" "इमोशनल" असे शब्द सोडून द्यायचे आणि "अडलो" हा शब्द शोधायचा, लोक कुठं अडले आणि सुटल्यावर त्यांना कसं वाटलं. "काय करायचं तेच समजत नव्हतं" असं पुन्हा पुन्हा दिसलं तर गेम नीट शिकवत नाही. "उत्तर समोरच होतं" असं लिहिलं असलं तर घ्या डोळे मिटून. आणि स्वतःला एक विचारा: मी अडलो तर यूट्यूब उघडीन का? उत्तर हो असेल तर हा प्रकारच तुमच्यासाठी पूर्ण किमतीत नाही, सेलमध्ये घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

मला स्वतःला एकदा फटका बसलेला आहे. एका स्टोअरवरून एक छोटा गेम घेतला, चित्रं पाहूनच घेतला, तिसऱ्या लेव्हलला माझ्या जुन्या लॅपटॉपवर तो बंद पडायचा, दरवेळी त्याच जागी. मी आज सुधरेल उद्या सुधरेल करत अपडेटची वाट पाहत बसलो आणि परताव्याची मुदत निघून गेली. तेव्हापासून विकत घेतलं की त्याच दिवशी तासभर खेळून पाहतो.

परताव्याचं म्हणजे रिफंडचं गणित प्रत्येकानं पाठ करून ठेवावं. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर कारण काहीही असो, पैसे परत मिळतात, २०१५ पासून हा नियम आहे. गुगल प्लेवर ४८ तासांच्या आत मागायचे. पण यातली एक गोष्ट मनाला लागण्यासारखी आहे. गेमच दीड तासाचा असेल तर लोक पूर्ण संपवून पैसे परत मागू शकतात, आणि मागतात. एमिका गेम्स नावाच्या डेव्हलपरचा एक भुताचा गेम असाच दीडेक तासाचा होता, लोकांना आवडला पण इतक्यांनी खेळून परत केला की २०२१ मध्ये त्यानं जाहीर केलं की मी आता गेम बनवणं थांबवतो. परतावा हा खराब किंवा न चालणाऱ्या मालासाठी आहे. पोटभर जेवून पैसे परत मागायचे नसतात, हे पोट्ट्याला मी दोनदा सांगितलं.

आणखी एक, "विकत घेतला" म्हणतो तेव्हा आपण नक्की काय घेतो? बहुतेक ठिकाणी गेम वापरायचा परवाना घेतो, गेम नाही. स्टीमनं २०२४ पासून पैसे देतानाच हे लिहून दाखवायला सुरुवात केली. ज्या एक्सबॉक्स ३६० च्या दुकानात ब्रेड आला होता ते दुकानच जुलै २०२४ मध्ये बंद झालं, नवीन काही घेता येत नाही तिथं. जीओजी नावाचं स्टोअर मात्र अशी फाइल देते जी पेनड्राइव्हवर टाकून ठेवली की नेट नसलं तरी लावता येते. जे गेम पाच वर्षांनी परत काढून कोणाला दाखवावेसे वाटतील ते मी शक्यतो तिथून घेतो.

आणि सेल. स्टीमचा समर सेल जूनच्या शेवटी लागतो, म्हणजे आपल्या विदर्भातल्या शाळा उघडतात साधारण त्याच सुमारास, मग सप्टेंबरच्या शेवटी नाहीतर ऑक्टोबरच्या सुरुवातीला एक, डिसेंबरच्या शेवटी मोठा, मार्चमध्ये एक. दोन-तीन वर्षं जुना कोड्यांचा गेम सेलमध्ये निम्म्याच्या खाली येतोच, आणि कोडं जुनं होत नाही, ब्रेड आजही तितकाच ताजा आहे. एपिकवर तर दर आठवड्याला काही ना काही फुकट असते, लिंबो आणि इनसाइड दोन्ही २०१९ मध्ये तिथं फुकट देऊन झाले. मोबाइलवाल्यांसाठी गुगलचा प्ले पास आहे, महिन्याचे पैसे भरले की त्यातले गेम खेळता येतात, २०२२ मध्ये भारतात आला तेव्हा महिन्याला ९९ रुपये होता, सुट्टीतला एक महिना घ्यायचा, त्यातले दोन-तीन चांगले कोड्यांचे गेम संपवायचे आणि बंद करायचा, आठवणीनं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. नवा गेम, पाचशे रुपये, तीन-चार तास, कोड्यांमध्ये खरोखर नव्या कल्पना, आणि तुम्ही स्वतः सोडवणार असाल तर पूर्ण किमतीत घ्या, तो महाग नाही. पैशाची ओढाताण असेल तर सेलपर्यंत थांबा. तासांचा आकडा मात्र पाहूच नका.

भाच्यानं थांबायचं ठरवलं. तो गेम यादीत टाकून ठेवला आहे, जूनच्या शेवटी पाहू म्हणतो. तोवर ब्रेड चालू आहे. दुसऱ्या दिवशी त्या उजवीकडे-डावीकडेवाल्या जगात एक तुकडा काही केल्या सापडेना, माझी ताई चहाचे कप घेऊन आली, दोन मिनिटं मागं उभी राहून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, आधी थोडं मागं चाल ना, ते खाली आलेलं वर जाते का पाह्य." तिनं आयुष्यात असा गेम खेळलेला नाही. तो मागं चालला, खाली आलेलं वर गेलं, आणि तिघंही ओरडलो. ताई चहा टेबलावर ठेवून शेजारी खुर्ची ओढून बसली.

आता चित्रातला एक तुकडा बाकी आहे, दोन दिवस झाले. फोन त्यानं स्वतःच आईजवळ देऊन ठेवला आहे, तुकडा सापडेपर्यंत परत देऊ नको म्हणून.